आजोळचा नाताळ

२२ डिसेंबर

शिरूरच्या रस्त्याने गेलं तर नगर लवकर येतं. तरी आईला रेल्वेनेच जायचं होतं, आणि मलाही. आमच्या लहानपणी नाताळ रेल्वेतच सुरू व्हायचा. आई पुण्यात नर्स होती. तिला चोवीस तारखेच्या आधी रजा मिळत नसे, म्हणून आम्हा भावंडांना न्यायला आजोबा स्वतः यायचे. धोतर, काळा कोट, पांढरी टोपी आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत आजीने बांधून दिलेल्या बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पेरू. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. गाडीतही ते मास्तरच असत.

यवत मागे पडलं आणि केडगाव आलं, की ते बाकावरून उठून उभे राहायचे. टोपी काढून हातात घ्यायचे. स्टेशन मागे जाईपर्यंत तसेच उभे. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. दुष्काळात वाऱ्यावर पडलेल्या मुली त्यांनी आणून तिथे वसवल्या, त्यांना लिहायला-वाचायला आणि पोटापुरतं कमवायला शिकवलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, आणि ते काम हातावेगळं करून १९२२ मध्ये तिथेच देह ठेवला. आजोबा हे दर वर्षी सांगायचे, त्याच शब्दांत, आणि आम्हाला ते दर वर्षी ऐकावंसं वाटायचं. यंदा केडगाव आलं तेव्हा आई उठून उभी राहिली. तिचे गुडघे दुखतात, तरी. मग मी आणि माझी लेकही उभ्या राहिलो.

दौंडला तेव्हा इंजिन सुटून गाडीच्या मागच्या टोकाला लागायचं, कारण मनमाडची लाइन तिथून उलट्या अंगाला फुटते. गाडी बराच वेळ थांबायची. पुढे तोंड करून बसलेले आता पाठमोरे जाणार म्हणून डब्यात जागांची अदलाबदल चालायची, आणि आजोबा आम्हाला इंजिन जोडताना दाखवायला फलाटावर उतरवायचे. आता बाहेरून परस्पर वळणारी कॉर्ड लाइन झाल्यामुळे बऱ्याच गाड्यांना हा खटाटोप लागत नाही. वेळ वाचतो हे खरं. मला मात्र तो थांबा हवा होता.

दौंडनंतर लगेच भीमेचा पूल. पुलावर आमची परीक्षा व्हायची. नाताळच्या गाण्यांचं पहिलं कडवं सगळ्यांनाच येतं. आजोबा दुसरं आणि तिसरं विचारायचे. पुलाच्या खडखडाटात आवाज पोचला पाहिजे, असा त्यांचा नियम. चोवीसच्या रात्री उघड्या रानात गायचं, तर गळा आधी तयार हवा.

नगरला उतरून कापडबाजारात गेलो. पतंगी कागद घ्यायचे होते, लाल, पिवळे आणि पांढरे. आजोबांबरोबर यायचो तेव्हा ते कागद घेऊन झाले की आम्हाला शहरातून चालवत न्यायचे आणि सांगायचे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईला आले, १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणं मांडलं. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे मिशनचं नियतकालिक इथूनच सुरू झालं. सावित्रीबाई फुले शिक्षिका होण्याचे धडे घ्यायला मिशनच्या मिस फॅरार यांच्याकडे इथेच आल्या. ‘आपल्या गल्लीतून गेल्यात त्या,’ असं ते म्हणायचे. ‘आपल्या’ म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा. त्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर आमच्या घराण्यात बाप्तिस्मा झाला, आणि पुढच्याच पिढीत पाटी-पेन्सिल आली. आजोबांच्या हातातलं प्रत्येक पुस्तक त्या पाटीवरून आलेलं होतं, आणि ते त्यांना विसरायचं नव्हतं.

तारकपूरच्या स्टँडवरून एसटी. जेऊर, इमामपूरचा घाट, पांढरीचा पूल, घोडेगाव. वडाळ्याच्या अलीकडे फाट्यावर मामा मोटारसायकल आणि एक रिक्षा घेऊन उभा होता. रात्री आठलाच हाडं गारठली.

२३ डिसेंबर

घर आता सिमेंटचं आहे. चूल मात्र मामीने मागच्या पडवीत ठेवली आहे, आणि सकाळी आम्ही सगळ्या बायका तिथेच बसलो. करंज्या, चकल्या, शंकरपाळे. ज्याला बाहेरचे लोक दिवाळीचा फराळ म्हणतात, तोच आमचा नाताळचा. दिवाळीत शेजारच्या घरांतून आजीकडे ताटं यायची. ती ताटं आजी घासून, पुसून, फळीवर मांडून ठेवायची. कुणाचं कुठलं ताट हे तिला पाठ असायचं. नाताळला ती एकेक भरून परत जायची. पाटलांच्या घरी, सुताराकडे, शेखांकडे. पंचवीस तारखेच्या दुपारी आम्ही मुलं रुमाल झाकलेली ताटं घेऊन गावभर पळत असायचो आणि प्रत्येक घरी हातावर काहीतरी पडायचं. गुळाचा खडा, बोरं, क्वचित दहा पैसे.

आजीचा खरा सोहळा नानकटाईचा. रवा, मैदा, पिठीसाखर, डालडा, वेलदोडे, सगळं घरून मापून पत्र्याच्या डब्यात भरायची. डबा डोक्यावर, मला हाताला धरलेलं, आणि एसटीने घोडेगावची भट्टी. भट्टीवाले चाचा. आपला माल आपण न्यायचा आणि भाजणावळ द्यायची, अशी पद्धत होती. आजी स्वतः परातीत डालडा आणि साखर फेसायची. तळहाताने, गोल-गोल, पांढरं होऊन हलकं पडेपर्यंत. मध्ये कुणाला हात लावू देत नसे. मग गोळे, वर बोटाने खळगा, खळग्यात एक चारोळी. पत्रे आत गेले की आम्ही बाहेर पोत्यावर बसायचो. भट्टीची ऊब पाठीला लागायची आणि तो वास यायचा. मला आजही बेकरीवरून जाताना थांबावं लागतं. पहिला पत्रा बाहेर आला की त्यातल्या ओंजळभर नानकटाया आजी चाचांच्या मुलांना द्यायची, मगच आम्हाला. मी एकदा विचारलं, आधी आपण का नाही? ती म्हणाली, ‘ज्यानं आग सोसली त्याच्या घरात आधी.’

दुपारी मामाने चांदणी करायला घेतली. माझी लेक त्याला चिकटून बसली होती. आजोबांची चांदणी बाजारातल्यासारखी चपटी नसायची. कळकाच्या दहा कामट्या तासायच्या, पाच-पाचच्या दोन चांदण्या बांधायच्या, एकीवर दुसरी ठेवून पाचही टोकं सुतळीने आवळायची. मग मधल्या पाच सांध्यांत वीतभर काड्या उभ्या ठोकायच्या. चांदणी पोटातून फुगते आणि आत दिवा राहण्यापुरती जागा होते. कागद चिकटवायला कणकेची खळ. त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे उंदीर-झुरळं कागद खात नाहीत. मोरचूद विषारी, म्हणून खळ ढवळायचं काम आजोबा कुणालाच देत नसत. मामानेही दिलं नाही. संध्याकाळी लांब कळकावर बांधून ती लिंबाच्या शेंड्याला चढवली. पूर्वी आत कंदील असायचा, आता बल्ब आहे. फाट्यावरून दिसते.

२४ डिसेंबर

दिवस गेला तो सारवण्यात, झाडण्यात आणि चर्चला पताका लावण्यात. चर्च म्हणजे एक लांब खोली, वर पत्रे, बाहेर लोखंडी खांबाला टांगलेली घंटा. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला, खाली सतरंज्या. या खोलीत खुर्च्या-बाकं आणायची का यावर दर काही वर्षांनी चर्चा होते आणि दर वेळी सतरंज्या जिंकतात. मला तेच बरं वाटतं.

खरा दिवस रात्री नऊनंतर उजाडतो. गाण्याची फेरी.

आजोबांच्या काळात फेरीपुढे गॅसबत्ती असायची, डोक्यावर चुंबळ ठेवून कुणीतरी धरलेली. मागे गळ्यात अडकवलेली पेटी, ढोलकी, खंजिरी, टाळ. गोधड्या पांघरलेल्या बाया, कानटोप्या घातलेली पोरं. लांबून ऐकणाऱ्याला दिंडीच वाटावी. आजोबांना यात काही नवल वाटत नसे. रेव्हरंड नारायण वामन टिळक त्यांचे दैवत. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, नगरला आणि राहुरीला राहिले, आणि मराठी मंडळीला भजनं-अभंग देऊन गेले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, असं टिळक सांगत. विलायती चालींवर ओढूनताणून बसवलेल्या गाण्यांपेक्षा टाळ-मृदंगावरचं पद आमच्या माणसांच्या जिभेवर चटकन बसतं, हे आजोबांनी आयुष्यभर पाहिलं होतं. तरी ते विलायती चालीही शिकवायचे, नीट सुरात. ‘पाहुणा आलाय, त्यालाही बसायला पाट द्या,’ म्हणायचे.

आधी ख्रिस्तीवाडा, घर न घर. दारात गाणं, प्रार्थना, सगळ्यांना ‘सलाम’, चहा. मग गाव. पाटलांच्या ओट्यावर गूळ-शेंगदाणे तयार असत. शेखांकडे खारीक. हे सगळं मला धूसर आठवतं, कारण त्या वेळेपर्यंत डोळे मिटायला लागलेले असायचे. लख्ख आठवतं ते पुढचं.

आमच्या भागात दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन उतरतात. ज्वारी-हरभऱ्याच्या दिवसांत मोकळ्या रानात वाडा घालतात. शेतकरी आपल्या वावरात मेंढरं बसवून घेतो, रात्रभराच्या लेंड्या-मुताने रान खतवतं, आणि त्याबदल्यात धनगराला धान्य मिळतं. फेरी गावात संपली की आजोबा परत फिरत नसत. गॅसबत्ती घेऊन तडक रानाकडे. ओल्या बांधावरून, उसाच्या कडेने, पाटाचं पाणी ओलांडून. चंद्र नसेल तर बत्तीच्या उजेडापलीकडे काही दिसायचं नाही. आधी कुत्री भुंकायची. मग जाळ दिसायचा, आणि जाळाभोवती घोंगड्या.

‘कोन हाय?’

‘मास्तर हाये. नाताळाचं गाणं घेऊन आलोय.’

‘या, या मास्तर. गार लई पडलंय.’

कुत्र्यांना हाकारलं जायचं. आम्हाला जाळाजवळ जागा करून द्यायचे. शेजारी जाळीत मेंढरं दाटून बसलेली, त्यांच्या अंगाची वाफ निघायची. आजोबा पिशवीतून बायबल काढायचे आणि लूकच्या शुभवर्तमानातला तो भाग वाचायचे, मेंढपाळ रात्री रानात कळप राखत होते तिथपासून. धनगर ऐकायचे. माझं वय सहा-सात असेल. ते वाचन माझ्या डोळ्यांसमोरच चाललं आहे, असं मला वाटायचं. तेच रान, तीच थंडी, तीच माणसं. देवदूत आला तर इथेच येईल, म्हणून मी वर बघत बसायची.

वाचून झालं की एक म्हातारा धनगर म्हणायचा, ‘आमच्याकडंच आधी आला म्हना की सांगावा.’ आजोबा म्हणायचे, ‘तुमच्याकडंच. जागे तुम्हीच होता.’

मग गाणं व्हायचं. त्यानंतर ते त्यांच्या ओव्या म्हणायचे, आम्ही ऐकायचो. शेळीच्या दुधाचा चहा, पितळीत, गुळाचा. आजीने पदरात बांधून आणलेल्या नानकटाया आणि करंज्या त्यांच्या पोरांना. परत येताना मी आजोबांच्या कोटात असायची.

यंदा वाडा दिसला नाही. मामा म्हणाला, आता ऊस आणि कांदा फार झाला, मोकळं रान राहिलं नाही, मेंढरं पलीकडच्या माळाला जातात. मला वाटलं होतं, आता फेरी गावातूनच वळणार. पण मामाने स्पीकरची हातगाडी चर्चपाशी ठेवली, पेटी खांद्यावर घेतली आणि रानाची वाट धरली. उसाच्या फडापलीकडे तोडणीवाल्यांच्या कोप्या होत्या. बीडकडची माणसं, ऊस तोडायला आलेली. उसाच्या पाचटाची तिकोनी खोपटं, बाहेर बैल, बैलांपुढे वाढे. पहाटे चारला त्यांना फडात जायचं असतं, म्हणून बरेचजण झोपले होते. पेटीचा सूर लागला तसे एकेक उठून बाहेर आले. एक बाई तान्हं पोर कुशीत घेऊन कोपीच्या तोंडाशीच बसून राहिली. मामाने तोच अध्याय वाचायला घेतला, पण जरा आधीपासून, आणि उतारशाळेत जागा नव्हती इथवर आला. तिथे तो थांबला. पुढचं आईने वाचलं.

करंज्यांचा डबा संपला. त्या बाईने माझ्या लेकीच्या हातात उसाचं कांडं दिलं, सोलून.

२५ डिसेंबर

पहिली घंटा पहाटे पाचला. बंबातलं पाणी, नवे कपडे, डोक्याला खोबरेल. आजी आमच्या हातात अर्पणासाठी एकेक नाणं द्यायची आणि स्वतः शेतातलं नेमकं काहीतरी घेऊन निघायची. भोपळा, ज्वारीची शेरभर कणसं, अंडी, एका वर्षी कोंबडा. चर्चमध्ये वस्तूंचं अर्पण व्हायचं आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव. आजोबांचा लिलाव फार गोड असायचा. गरीब विधवेने आणलेली दोन लिंबं ते सर्वांत शेवटी काढायचे, आणि त्या लिंबांना कोंबड्याहून जास्त बोली लागेपर्यंत हटायचे नाहीत. गावाला हे ठाऊक होतं. बोली लावणारे त्यासाठी पैसे राखून ठेवत. लिलाव अजून होतो. यंदा शेवटी एका शाळकरी मुलीची मेथीची जुडी होती, आणि ती मामीने पाचशे रुपयांना घेतली.

पाळक तरुण आहेत, बोलले थोडकं आणि चांगलं. त्यानंतर प्रीतिभोजन. ख्रिस्तीवाड्यातल्या प्रत्येक घरातून पीठ, तेल, वर्गणी. मोठ्या पातेल्यांत काळ्या मसाल्याचं मटण, भात, बाजरीच्या भाकरी, आणि मटण न खाणाऱ्यांसाठी वेगळी डाळ-वांग्याची आमटी. अंगणात पंगती. आजोबांचा दंडक होता की पहिल्या पंगतीला पाहुणे आणि लेकरं, घरच्या पुरुषांनी वाढायचं आणि बायांनी बसायचं. त्या काळात आमच्या गावात ही गोष्ट कुठे होत नव्हती. आजी वर्षभर सगळ्यांना वाढायची. पंचवीस तारखेला ती मांडी घालून पंगतीत बसायची, आजोबा वाकून रस्सा वाढायचे, आणि ती म्हणायची, ‘अजून एक पळी.’ ती मुद्दाम म्हणायची, मला खात्री आहे.

संध्याकाळी मुलांचं नाटक. आमच्या वेळी ते आजोबांच्या गोठ्यातच व्हायचं. बैल बाहेर बांधून, जमीन शेणाने सारवून, गव्हाणीत वाळली वैरण. गाय आत ठेवायचे, कारण गाय हवी. मी दोन वर्षं मेंढपाळ होते, मग मरिया झाले. मरियेला आजीचं जुनं निळं लुगडं मिळायचं आणि बाळ म्हणून शेजारच्या घरातलं खरं बाळ. ते एकदा रडायला लागलं आणि गाईने मान वळवून त्याला चाटलं. तेव्हा सगळा गोठा गप्प झाला. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, गावातली निम्मी माणसं दारात उभी होती. नाटक चर्चच्या ओट्यावर होतं आता, पडदा आहे, माइक आहे. मुलांनी छान केलं. गाय नव्हती.

२६ डिसेंबर

दिवसभर हुरडा. गोवऱ्यांच्या आगटीत ज्वारीची कोवळी कणसं, हातावर चोळून गरम दाणे, लसणाची चटणी, वर दही. आई माहेरपणाला आलेल्या मैत्रिणींमध्ये रमली होती.

दुपारी कबरस्थानात गेलो. आजी-आजोबा शेजारी-शेजारी आहेत. आजोबांच्या दगडावर नाव आणि खाली ‘शिक्षक’, एवढंच. तसं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. भोवतीचं गवत काढलं. लेकीने विचारलं, पणजी कशी होती? मग आई तासभर बोलत बसली. भट्टी, ताटं, कोंबडा, सगळं. त्यातलं बरंच मलाही ठाऊक नव्हतं. आजोबा गेल्यावर आजीने नाताळची फेरी थांबू दिली नाही, पुढचा नाताळ ती स्वतः पेटीवर बसली, हे मला परवा कळलं असतं तर मी फेरीत जास्त मोठ्याने गायले असते. पेटी तिला आजोबांनीच शिकवली होती, रात्री, मुलं झोपल्यावर.

२७ डिसेंबर

मामी एकतीसच्या वॉच नाइटपर्यंत, म्हणजे वर्षाअखेरच्या रात्रीच्या उपासनेपर्यंत, थांबा म्हणून हटून बसली होती. लेकीची शाळा आहे, निघावं लागलं. डबे भरून झाले, कणसं, हरभऱ्याचा ढाळा, गुळाची ढेप. आणि पेटी.

पेटीचे दोन सूर चोवीसच्या रात्रीच अडकत होते. भात्याला भोक आहे, दमट हवेने सुरांच्या पट्ट्या गंजल्या आहेत. मामाला शेतातून नगरला जायला सवड नाही, म्हणून ती आम्ही गोधडीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेतली. नगरला एका जुन्या कारागिराकडे नेली. त्याने झाकण उघडलं, पट्ट्यांवर फुंकर मारली, भात्याचं चामडं बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाला, लाकूड उत्तम सागाचं आहे, सूर बदलायची गरज नाही, घासून लावतो, भाता नवा करू. खर्च विचारला. आईने लगेच होकार दिला आणि आगाऊ पैसे मोजले.

‘कधी लागेल?’ त्याने विचारलं.

‘पाम संडेच्या आधी,’ आई म्हणाली. ‘ईस्टरच्या आधीचा रविवार. तेव्हाही फेरी असते.’

त्याने वहीत लिहून घेतलं. नाव विचारल्यावर आईने आजोबांचं सांगितलं.